शनिवारपर्यंत चावीला हात लावायचा नाही

दिगूचा शेवटचा निरोप आला तेव्हा मी माजलगावात कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा खात होतो. दिवाळीची सुट्टी संपून दोनच तास झाले असावेत असं वाटावं, अशी वर्गावर अजून सुस्ती होती. फोनवर त्याने बोलून पाठवलेला निरोप होता. आधी एका जाड तारेचा आवाज, संथ, बराच वेळ टिकणारा. मागे कुणीतरी दुधाचा कॅन फरशीवर ठेवल्याचा खणखणाट. तार विरत आली की दिगूचं बोलणं, "पांडबा, ऐकलं का बे? रविवारपास्न हाललीबी न्हाई. मळसूत्र बसवल्यावानी बसलीय. शनिवारी ये तू." मी एका हाताने 'येतो' असं लिहून पाठवलं आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. तो मंगळवार होता. गुरुवारी सकाळी दिगूच्या गावच्या शंकरआप्पांचा फोन आला. आप्पा एरवी फोनवर सुद्धा पेटीच्या तारसप्तकात बोलतात, त्या दिवशी त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. घरच्या केंद्रावर लोकांचं दूध मापून घेता घेता दिगूच्या छातीत कळ आली होती. माप हातातच होतं. पाटोद्याच्या दवाखान्यात गाडी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

शनिवारी मी गावात होतोच, पण त्याने बोलावलं होतं त्या कामाला नाही…

दिगंबर हा माझा भाऊ नव्हता आणि नात्यातलाही नव्हता. आमचं घर धनगराचं. दिवाळी झाली की वडील मेंढ्या घेऊन गोदावरीच्या काठाने खाली उतरायचे, आईही सोबत, ते पावसाच्या तोंडाला परतायचे. वाटेत आमच्या मेंढ्या खतासाठी रानात बसवायच्या असत, आणि त्यातलं एक रान दिगूच्या वडिलांचं, तात्यांचं. मी तिसरीत असताना तात्यांनी वडिलांना विचारलं, "ह्या पोराला कावून फिरवतो मेंढरामागं? राहू दे हितं. माझ्या दिगूसंगं शाळंत जाईल." वडिलांनी एवढंच विचारलं, की खायला किती लागेल. तात्या म्हणाले, "दिगू टाकून देतो तेवढं त्येला पुरंल." त्या दिवसापासून बी.ए. होईपर्यंत दरवर्षी माझं अर्धं वर्ष त्या घरात गेलं. आमच्या घराण्यात सही करणारा मी पहिला, पदवी घेणारा तर पहिलाच. हे मी अनेक समारंभांत सांगितलं आहे, पण त्यामागचं घर कोणतं हे नीट कधी लिहिलं नव्हतं. आता लिहितोय तर त्या घराचा धाकटा खांबच पडलाय.

तात्या गावच्या मारुतीच्या देवळात भजनाचे मुख्य गाणारे. शनिवारची रात्र त्यांची. त्यांचा सूर काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीपासून गाणं सुरू करायचं. ज्यांनी भजन केलंय त्यांना कळेल की पुरुषाच्या गळ्याला ही पट्टी किती उंच आहे. तात्या ती अशी उचलायचे, की खांद्यावरची घोंगडी झटकावी. सकाळी गोठ्यात शेण काढताना ते गुणगुणायचे आणि मी आतल्या खोलीत इतिहासाच्या सनावळ्या त्या चालीत पाठ करायचो. माझा बी.ए.चा निकाल लागला त्या संध्याकाळी त्यांनी देवळात माझ्यासाठी एक अभंग घेतला. माझे वडील मेंढ्यांपाशी कुठेतरी गेवराईकडे चकलांब्याच्या शिवारात होते, त्यांना दोन दिवसांनी कळलं. पण तात्यांनी ज्या सुरात ते शेवटचं कडवं उचललं, तो सूर म्हणजे माझी पदवी असं मला आजही वाटतं. विद्यापीठाचा कागद नंतर आला.

दिगूचं गाण्याशी जमलं नाही. गळा बापाचा नाही, हे त्याने फार लवकर ओळखलं आणि त्याचं वाईटही वाटून घेतलं नाही. शिक्षण अर्धवट टाकून तो पुण्याला एका कारखान्यात लागला. तिथल्या कामगारांनी गणपतीत ऑर्केस्ट्रा बसवला होता, त्यात एकजण बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. गाण्याच्या तळाला जो घुमणारा आवाज असतो तो हिचा. दिगू तिच्यावर खुळावला. पहिल्यांदा गावी आला तेव्हा मला म्हणाला, "पांडबा, लोकाला ती ऐकू येतच न्हाई. पर बंद केली ना, तर सगळं गाणं अधांतरी लटकतं." तयार गिटार घेणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं. मग त्याने जोडायचा संच मागवला. कोरं लाकडी धड, कोरी मान, पुडीत स्क्रू, चार चाव्या, वायरी. खोलीत बसून रविवारी रविवारी ती जोडली. मान पहिल्यांदा वाकडी बसली, ती काढून परत बसवली. वायर उलटी जोडल्यामुळे हात लावला की बोलायची आणि हात काढला की गुरगुरायची. दिगू मुळात धसमुसळा होता. कुठलंही काम त्याच्याकडून पहिल्या खेपेला बरोबर झालेलं मी पाहिलं नाही. पण दुसऱ्या खेपेला कंटाळलेलाही पाहिला नाही.

त्याची आई गेल्यावर तो बायकोला घेऊन गावी परतला. तात्या एकटे राहिले असते. घराच्या पुढच्या खोलीत त्याने दूध संकलन केंद्र सुरू केलं. केंद्राच्या दाराला निळा ऑइलपेंट लावला आणि डब्यात उरलेला रंग गिटारला फासला. मंगल वहिनी म्हणायच्या, "ह्यांनी दाराचा तुकडा काढून गळ्यात अडकवलाय." ती निळी गिटार पहिल्यांदा देवळातल्या लाऊडस्पीकरच्या मशीनला जोडली त्या शनिवारी मी गावात होतो. दिगूने तार छेडली आणि मारुतीपुढची घंटा आपसूक गुंगुं करायला लागली, छताच्या पत्र्यावरून धूळ पडली. पेटीवाले शंकरआप्पा भाता सोडून म्हणाले, "हे काय रं! भुईतून म्हस वरडल्यावानी!" सगळं देऊळ हसलं. तात्या हसले नाहीत. त्यांनी बोट वर करून सांगितलं, "पुन्यांदा वाजीव." दोनतीनदा ऐकून मग म्हणाले, "तंबोऱ्याचं काम करंल ही."

आणि तेच झालं. पुण्यात शिकलेल्या करामती दिगू इतरांच्या अभंगाला वाजवायचा, पण तात्या गायला बसले की तो एकच मोकळी तार संथपणे छेडत राहायचा. तंबोऱ्यासारखी. तोवर तात्यांचं वय झालं होतं. गळा दरसाल थोडा खाली येत होता. काळी चारला आवाज फाटायला लागला. शंकरआप्पांची बोटं मात्र चाळीस वर्षं त्या एकाच पट्टीला बसलेली, दुसरीकडे वळायलाच तयार नाहीत. आप्पांनी कुचकेपणा केला असं नाही, त्यांना खरोखर येत नव्हतं. मग दिगूने एक युक्ती काढली. तात्यांची पाळी आली की आप्पांनी पेटी थांबवायची आणि दिगूने सगळ्यात बारीक तार तात्यांच्या गळ्याला येईल एवढी उतरवून घ्यायची. तात्या गुणगुणायचे, दिगू दुसऱ्या हाताचं बोट तारेवर अगदी अलगद टेकवून चावी फिरवायचा. छेडायचा नाही. मला वाटायचं हा नाटक करतोय. एकदा त्याने माझं बोट तिथे ठेवलं. तात्यांच्या आवाजाशी तार बरोबर जुळली, त्या क्षणी ती कुणी न छेडताच बोटाखाली थरथरली, झोपलेल्या जनावराची कातडी माशी बसल्यावर थरथरते तशी. दिगू म्हणाला, "कळलं का? बापाचा सूर मला कानानी न्हाई सापडत. बोटानी सापडतो."

गिटारच्या मानेच्या शेंड्याला तारा गुंडाळायच्या ज्या खुंट्या असतात, त्यांना वाजवणारे चाव्या म्हणतात. तंबोऱ्याची खुंटी नुसती लाकडात दाबून बसलेली असते. हिच्यात आत लहानसं दातेरी चाक आणि त्यात अडकलेला आट्यांचा दांडा असतो. गिटारवाले एकदा तार लावली की महिनाभर चावीकडे बघत नाहीत. आमच्या देवळात मात्र दर अभंगाला चावी फिरत होती. इतरांसाठी वर, तात्यांसाठी खाली, परत वर. संचासोबत आलेल्या त्या हलक्या चाव्यांचे दात काही वर्षांत झिजले. तार लावली की पाचदहा मिनिटांत आपोआप सैल पडायची.

गेल्या श्रावणातल्या एका शनिवारी व्हायचं ते झालं. तात्यांनी अभंग धरला. मधेच तार सरकायला लागली. झटक्याने सुटली असती तर सगळ्यांना कळलं असतं, पण ती मुंगीच्या पावलाने उतरत गेली. तात्यांचा कान तारेवरच, म्हणून तेही तिच्यामागे उतरत गेले. शेवटी असा खाली आला आवाज, की पुढची ओळ गळ्यातून निघेना. टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढे बसलेली दोन पोरं हसली. तात्या थांबले. आप्पा चांगल्या मनाने म्हणाले, "तात्या, आता तुमी टाळ धरा. लई गायलात जल्मभर." तात्यांनी मान हलवली, उपरणं खांद्यावर घेतलं आणि उठून घरी गेले. दिगू मागोमाग पळाला. "तात्या, तुमचा सूर न्हाई गेला, चावी सरकली," असं तो वाटेत, घरात, जेवताना सांगत राहिला. तात्या एवढंच म्हणाले, "बरं." त्यांना वाटलं, पोरगं बापाची समजूत काढतंय. तो शनिवार गेला आणि तात्यांचं गाणं थांबलं. देवळातलं तर थांबलंच, गोठ्यातलं गुणगुणणंही थांबलं. वहिनींनी मला फोनवर सांगितलं, "भावजी, घरात कुणी रेडिओ बंद केल्यावानी झालंय. हे तर येड्यावानी करायलेत."

दिगूला आता एकच ध्यास होता. न सरकणाऱ्या चाव्या बसवायच्या आणि तात्यांना दाखवायचं की दोष गळ्याचा नव्हता, लोखंडाचा होता. दूध घालायला आलेल्यांची रांग समोर उभी असताना त्याने फोनवर बघून चाव्यांचा नवा संच मागवला. तो दिवाळीत आला. भाऊबीज झाली आणि मी बहिणीकडून परत येऊन थेट त्याच्याकडे गेलो. ते दोन दिवस आम्ही जे केलं, तेच आता माझ्याकडे त्याचं शेवटचं उरलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तारा उतरवल्या, मागचे स्क्रू काढून जुन्या चाव्या सोडवल्या. एका चावीचं चाक मी हातात घेतलं तर त्याचे दात म्हाताऱ्या मेंढीच्या दातांसारखे झिजून बुटके झालेले. नवी चावी लावून पाहिली, तर तिचं कडं शेंड्यातल्या भोकापेक्षा जाड. दिगू लगेच शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून ड्रिल मशीन घेऊन आला. मी म्हणालो, आधी फळकुटावर बघ. बाभळीच्या फळकुटावर मशीन लावली आणि भोकाची कड अशी फाटली, की दिगूने मशीनची वायरच काढली. मग गोल कानस घेतली. कानशीने भोक थोडं थोडं वाढवायचं, कडं लावून बघायचं, परत घासायचं. पण मान धरणार कोण? माझे हात हलायचे. खाटेवर तात्या भिंतीकडे तोंड करून बसले होते, म्हणजे बसल्याचं दाखवत होते. कानस दोनदा घसरली तसे ते उठले. "आन इकडं. मान मोडचील तिची." त्यांनी गुडघ्यावर उपरण्याची घडी ठेवली, त्यावर गिटारची मान घेतली आणि दोन्ही हातांनी शेंडा घट्ट धरला. लहान पोराचे केस कापताना डोकं धरतात ना, तसा. दिगू समोर जमिनीवर बसून कानस चालवत होता आणि लाकडाची भुकटी तात्यांच्या धोतरावर पडत होती.  मधेच तात्या फुंकर मारून भोक साफ करायचे आणि पुढचं समोर धरायचे. मी नुसता काचपेपर हातात घेऊन उभा होतो. इतका वेळ ते दोघं एवढे जवळ बसलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

जुनी स्क्रूची भोकं नव्या चावीला जुळत नव्हती. कडुलिंबाच्या काड्या तासून गोंदात बुडवून ती बुजवली आणि सुकायला ठेवली. दुसऱ्या दिवशी नवी बारीक भोकं पाडली, स्क्रूला साबण लावून फिरवला, कारण ते मऊ स्क्रू जोर लावला की तुटतात, आणि दिगूने पहिला तोडलाच. दोन चाव्या बसल्या. तिसरी हातात घेतली आणि दिगू तिच्याकडे बघतच राहिला. उलटी होती. चौथी पण तशीच. आमच्या गिटारच्या शेंड्याला चारही चाव्या एकाच बाजूला. काही गिटारींना दोन या बाजूला आणि दोन त्या बाजूला असतात, त्यांचा संच दिगूने मागवला होता. चित्रात दोन्ही सारखेच दिसतात, आणि समोर म्हशीच्या दुधाचं फॅट कमी का निघालं म्हणून एकजण भांडत होता, असं त्याने मला नंतर सांगितलं.

"परत पाठव," मी म्हणालो.

"भोकं मोठी केली आता. जुन्या चाव्या घातल्या तर खळखळा वाजतील."

"मग?"

"बसतील की. फिरतील उलट्या. दोन सरळ, दोन उलट्या." आणि तात्यांकडे तिरका डोळा करून म्हणाला, "घरातबी तसंच हाय, दोघं म्हनतेत हो, तर एकजन म्हनतो न्हाई."

वहिनी दुधाचा हिशोब सोडून दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्या घरात सरळ फिरणारं काय आलंय आजपत्तोर? म्या आले, तेवढीच." तात्यांच्या मिशा हलल्या. श्रावणानंतर त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होतो.

म्हणून आजही त्या गिटारच्या शेवटच्या दोन चाव्या उलट्या फिरतात. तार चढवायला गेलं की उतरते. तारा चढवल्यावर, सूर लावायच्या आधी, शंकरआप्पा बघायला आले तेव्हा त्यांनी हौसेने एक चावी पिळली आणि तार लोंबायला लागल्यावर असे दचकले, की जणू त्यांनीच मोडली. दिगूने त्यांना शांतपणे सांगितलं, "आप्पा, ही चावी तुमच्या पेटीवानी हट्टी हाय. तिच्या कलानं घ्यावं लागतं."

रविवारी दुपारी तारा चढवल्या. आता खरी गोष्ट उरली होती. दिगू म्हणाला, "तात्या, सूर द्या." तात्या म्हणाले, "माझ्यापाशी न्हाई." दिगू हट्टाला पेटला नाही. त्याने नुसतं बोट बारीक तारेवर टेकवलं आणि वाट पाहत बसला. बाहेर कुणीतरी केंद्रात हाक मारत होतं, वहिनी माप घेऊन गेल्या.  शेवटी तात्यांनी घसा साफ केल्यासारखं काहीतरी केलं, आणि त्या साफ करण्यातच एक सूर होता. अगदी हलका. दिगूने चावी फिरवली, उलटीकडे, थांबला, अजून जराशी फिरवली. मग बोट उचललं. "सापडला," म्हणाला.

"आज न्हाई सरकायची," तात्या म्हणाले. "नवं लोखंड हाय. शनिवारी बघ."

"ठीक हाय. शनिवारपर्यंत हितं खिळ्याला टांगतो. चावीला कुणी हात लावायचा न्हाई. शनिवारी जर तार हाय तिथंच असली, तर तुमी देवळात यायचं आन गायचं. सरकलेली असली, तर तुमी म्हनताल ते खरं. मी परत कवाच बोलनार न्हाई."

तात्या म्हणाले, "बरं." पण हा 'बरं' त्या श्रावणातल्या 'बरं'सारखा नव्हता. दिगूने खिळ्यावर गिटार अडकवली. वहिनींना सांगितलं, मला सांगितलं, केंद्रात दूध घालायला आलेल्या बायकांनाही सांगितलं, ज्यांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. संध्याकाळच्या गाडीने मी निघालो. एस.टी.च्या खिडकीपाशी येऊन तो म्हणाला, "शनिवारी येशील ना? एखांद्यानं साक्षीला पायजे." एवढंच. मग मंगळवारी तो निरोप, आणि गुरुवार…

दिगू गेला त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला फार लिहिता येणार नाही. एवढं आठवतं, की माणसं येत होती, त्या खोलीत बसत होती, निळ्या गिटारकडे बघत होती आणि कुणीही तिला हात लावत नव्हतं. दिगूने तसं सांगितलं होतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. तात्या त्या भिंतीला पाठ लावून बसायचे. रडले ते एकदाच, तेही दुधाची गाडी नेहमीच्या वेळी दारात येऊन भोंगा वाजवायला लागली तेव्हा. वहिनींनी चौथ्या दिवशी केंद्र पुन्हा उघडलं. लोकांनी आडून आडून बोल लावला. त्या म्हणाल्या, "म्हशी थांबत्यात का?"

मी परत गेलो तो संक्रांतीच्या सुट्टीत. घरात वर्षभर सण नाही, तिळगूळ केलेला नव्हता. वहिनींनी गूळ आणि शेंगदाणे ताटलीत ठेवले आणि म्हणाल्या, "हे चालतंय, हे रोजचंच हाय." गिटार तिथेच होती. धूळ नव्हती. वहिनी म्हणाल्या, "म्या पुसते भावजी. पर चाव्यांना फडकं लावत न्हाई." तात्या खाटेवर बसले होते, पहिल्यापेक्षा लहान झालेले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर अचानक म्हणाले, "तो शनिवार राहूनच गेला पांडू."

मला काय सुचलं कुणास ठाऊक. गिटार खाली घेतली, त्यांच्या गुडघ्यावर ठेवली, जशी त्यांनी कानस चालताना धरली होती तशी. मग फोन काढला. दिगूचा तो निरोप मी तोवर कुणाला ऐकवला नव्हता, मीही परत ऐकला नव्हता. लावला. तार वाजली. लगेच मी तीच तार छेडली, बोटाने, हळू. देवळातल्या मशीनशिवाय तिचा आवाज फार बारीक येतो, म्हणून तात्यांनी वाकून निळ्या लाकडाला कानशील टेकवलं. फोनमधली तार आणि गुडघ्यावरची तार, एकच. तेवढ्यात फोनमधून दिगू म्हणाला, "पांडबा, ऐकलं का बे? रविवारपास्न हाललीबी न्हाई…"

पुढच्या खोलीत मापाचा आवाज थांबला.

"पुन्यांदा लाव," तात्या म्हणाले. मी लावलं. त्यांनी डोळे मिटून दोन्ही तारा ऐकल्या, दोन्ही खेपेला पोराचं बोलणं पूर्ण होऊ दिलं.

"सरकली न्हाई."

"न्हाई तात्या."

"दिवाळीपास्न."

"हो."

त्यांनी कानशील लाकडावरून उचललं नाही. मग म्हणाले, "मंग तवा चावीच सरकली व्हती. त्यो खरं सांगत व्हता. मला वाटलं, लेकरू माझं मन राखतंय." त्यांचा हात मानेच्या शेंड्यावर गेला, घासलेल्या भोकांवरून, कड्यांवरून, उलट्या चावीपाशी येऊन थांबला आणि मागे आला.

आणि कानशील लाकडाला तसंच टेकलेलं असताना त्यांनी सूर लावला. अभंग नाही, शब्द नाही, नुसता सूर. काळी चारचा नव्हता. ज्या आवाजात मी सनावळ्या पाठ केल्या त्या आवाजाच्या कितीतरी खालचा, कापरा, पण जिथे लावला तिथे उभा. मी तारेवर बोट ठेवलं, दिगू ठेवायचा तसं, अलगद. छेडली नाही. ती थरथरली.

वहिनी दारात उभ्या होत्या, हातात माप.  तात्यांचा श्वास संपेपर्यंत बोट उचललं नाही. मग गिटार घेऊन परत त्याच खिळ्याला अडकवली. येत्या शनिवारी ती देवळात न्यायची आहे, तात्यांनीच सांगितलंय. मला वाजवता येत नाही, पण एक मोकळी तार छेडत बसायला काय लागतं… तोवर चावीला हात लावायचा नाही.